आधी मालक शोधा, मग जॅकेट घ्या

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी वैमानिकाचं चामडी जॅकेट विकायला आलं, की घेणारा आधी चामडं चाचपतो, चेन वरखाली करून बघतो, मानेजवळचं लेबल वाचतो. हे सगळं करायचंच. पण सगळ्यात आधी छातीवरची नावपट्टी वाचा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. नाव असेल तर ते जॅकेट कुणी घातलं, तो कुठल्या तळावरून उडाला, परत आला की नाही, हे ऐंशी वर्षांनंतरही पुष्कळदा कागदोपत्री सिद्ध करता येतं. नाव नसलेलं जॅकेट म्हणजे जुनं, देखणं चामडं. नाव असलेल्या जॅकेटाची जबाबदारी वेगळी असते आणि ती पैसे मोजण्याआधीच सुरू होते. परदेशात स्थायिक झालेले किंवा इथे बसून ऑनलाइन लिलावात बोली लावणारे जे वाचक या छंदात उतरू पाहताहेत, त्यांनी ही शोधाची बाजू आधी शिकून घ्यावी.

मी मुख्यतः ए-२ या जॅकेटाबद्दल बोलणार आहे. अमेरिकेच्या आर्मी एअर कोअरने ते १९३१ साली अधिकृतपणे स्वीकारलं. आधीच्या ए-१ला पुढे बटणं होती, ए-२ला चेन आली. बहुतेक ए-२ घोड्याच्या कातड्याची, काही बकऱ्याच्या किंवा गाईच्या. शर्टासारखी कॉलर आणि तिची टोकं बसवायला प्रेस बटणं, खांद्यांवर पट्ट्या, झाकणाचे दोन खिसे, मनगटांना आणि कमरेला लोकरीची वीण, आणि पाठीला चामड्याचा एकच अखंड तुकडा. खिशात बाजूने हात घालायची सोय असेल, तर ते जॅकेट युद्धातलं नाही, नंतरचं आहे. तिथेच थांबायला हरकत नाही. १९४३ साली हवाई दलाचे प्रमुख जनरल हॅप अरनॉल्ड यांनी चामडी जॅकेटांची नवी खरेदी थांबवली आणि कापडी जॅकेटं आणली. ज्यांना ए-२ मिळालं होतं, त्यांनी मात्र ते युद्ध संपेपर्यंत अंगावरून उतरवलं नाही.

पाठीवरच्या चित्रांचं कोडं उलगडायचं असेल, तर हे जॅकेट कुठे घातलं जायचं ते माहीत हवं. बी-१७ बाँबर विमानात हवेचा दाब राखायची सोय नव्हती. पंचवीस हजार फुटांवर तापमान उणे चाळीस अंशांपर्यंत उतरायचं आणि मधल्या खिडक्यांतून मशीनगन चालवणारे तोफची अंगावर वारा घेत उभे असायचे. तिथे नुसतं ए-२ पुरत नसे. मेंढीच्या लोकरी कातड्याचं बी-३ किंवा विजेवर तापणारा सूट लागायचा. ए-२ मिरवायचं ते तळावर, मेसमध्ये, सुटीत लंडनला. म्हणून पाठीवर विमानाचं नाव आणि चित्र रंगवून घेतलं जाई, आणि पुष्कळदा ते ठरलेल्या मोहिमा पुऱ्या झाल्यावर, आठवण म्हणून. चित्र ताजंतवानं दिसतंय एवढ्यावरून ते खोटं ठरत नाही.

आता लेबल. त्यावर जॅकेटाचा प्रकार, ३०-१४१५ हा आराखड्याचा क्रमांक, कंत्राटाचा किंवा ऑर्डरचा क्रमांक आणि कारखान्याचं नाव असतं. पेनसिल्व्हेनियातल्या मिडलटाउनची रफ वेअर, न्यूयॉर्क राज्यातल्या बीकनची एअरो लेदर, न्यूबर्गची पेरी स्पोर्ट्सवेअर, शिकागोची जे. ए. ड्युबो ही त्यातली नेहमी भेटणारी नावं. प्रत्येक कारखान्याची कॉलर कापायची, खिसा बसवायची, टीप घालायची पद्धत वेगळी होती. चार-पाच अस्सल नग जवळून पाहिले, की ड्युबोची कॉलर आणि एअरोची कॉलर नजरेला वेगळी दिसायला लागते. लेबल एका कारखान्याचं आणि कापणी दुसऱ्याची असेल, तर लेबल नंतर शिवलेलं आहे. ही ओळख निव्वळ वाचून होत नाही. अमेरिकेत असाल तर डेटनचं हवाई दलाचं राष्ट्रीय संग्रहालय किंवा जॉर्जियात पूलरचं ‘मायटी एट्थ’ संग्रहालय, इंग्लंडात असाल तर डक्सफर्ड. तिथे एक दिवस फक्त शिवणी बघत घालवा.

ऑर्डरचा क्रमांक आणखी एका कामाला येतो. रफ वेअरच्या एका प्रसिद्ध ऑर्डरचा क्रमांक ४२-१४०१-पी असा आहे. यातलं ४२ म्हणजे आर्थिक वर्ष १९४२, जे त्या काळी १ जुलै १९४१ला सुरू होई. लग्नाआधी पत्रिका जुळवतात तशा इथे तीन तारखा जुळवायच्या: जॅकेट कधीच्या कंत्राटातलं, माणूस सैन्यात कधी भरती झाला, आणि पाठीवर किंवा बिल्ल्यावर दिसणारं युनिट युद्धात कधी उतरलं. डिसेंबर १९४१मध्ये फिलिपिन्सला विमान गमावून कैदेत पडलेल्या वैमानिकाचं नाव १९४२च्या अखेरीस दिलेल्या कंत्राटातल्या जॅकेटावर असेल, तर विकणारा कितीही गोड बोलला तरी हात आखडता घ्या. हल्ली नकली माल करणारेसुद्धा खऱ्या वैमानिकांची नावं नोंदींतून शोधून काढतात. त्यामुळे ‘नाव नोंदीत सापडलं’ हा पुरावा नव्हे. नाव, माप, काळ आणि युनिट हे चारही एकमेकांशी जुळले, तर पुरावा.

नावपट्टी म्हणजे डाव्या छातीवर शिवलेली, दाबून अक्षरं उठवलेली चामड्याची अरुंद पट्टी. ती भिंगाखाली बघा. पट्टीच्या चार कडांबाहेर जुन्या सुईच्या भोकांची आणखी एखादी चौकट दिसते का? दिसली तर घाबरू नका, उलट नीट बघा. ही जॅकेटं डेपोत परत जात, तिथे अस्तर, वीण, चेन बदलली जाई, कधी चामड्याला नवा रंग चढे आणि ते दुसऱ्याला मिळे. एका जॅकेटाला दोन मालक असणं यात काहीच खोटं नाही. पट्टी बरीच वर्षं जागेवर असेल, तर तिच्याखालचं चामडं आजूबाजूपेक्षा गडद आणि नितळ राहिलेलं असतं आणि पट्टीच्या सुरकुत्या खालच्या सुरकुत्यांशी मिळतात. गेल्या वर्षी लावलेल्या पट्टीखाली चामडं सगळीकडे सारखंच झिजलेलं दिसतं. हे बघायला पट्टी उसवू नका. कडेने टॉर्चचा तिरपा उजेड टाकला की पुरतं. उसवलेली मूळ टीप कुणालाच परत घालता येत नाही.

मग जॅकेट उलटं करा. अस्तरावर, लेबलाशेजारी किंवा खिशाच्या आत शाईने लिहिलेलं एक अक्षर आणि चार आकडे दिसतात का, ते पाहा. अमेरिकी सैन्यात कपडे धुवायला टाकताना आडनावाचं पहिलं अक्षर आणि लष्करी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहायची पद्धत होती. सगळ्या शोधाची किल्ली बहुधा याच खुणेत असते, आणि विकणाऱ्याने काढलेल्या फोटोंत ती क्वचितच दिसते. पैसे देण्याआधी अस्तराचे फोटो मागून घ्या.

समजा, पट्टीवर ‘मिलर’ एवढंच आहे. अमेरिकी हवाई दलात मिलर ढिगाने होते. पण आत ‘एम ४४१८’ मिळालं, तर ढीग झपाट्याने आटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने दुसऱ्या महायुद्धातल्या भरतीच्या नोंदी त्यांच्या एएडी या संकेतस्थळावर मोफत ठेवल्या आहेत. सुमारे ९० लाख नावं आहेत. नाव, जन्मसाल, राज्य, भरतीची तारीख आणि लष्करी क्रमांक मिळतो. मिलर काढा आणि ज्याचा क्रमांक ४४१८ने संपतो ते बाजूला ठेवा. क्रमांकाचा पहिला आकडाही बोलतो: १ म्हणजे आपणहून भरती झालेला, २ म्हणजे नॅशनल गार्डमधला, ३ म्हणजे सक्तीच्या भरतीत आलेला. दुसरा आकडा बहुतेकदा भरतीचा विभाग सांगतो: १ असेल तर न्यू इंग्लंड, ९ असेल तर कॅलिफोर्नियाची बाजू. या नोंदी जुन्या पंचकार्डांच्या मायक्रोफिल्मवरून वाचून तयार झाल्या आहेत, त्यामुळे अक्षरं चुकलेली सापडतात. आडनाव मिळालं नाही तर स्पेलिंग बदलून पुन्हा शोधा. एक मोठी उणीव आधीच लक्षात ठेवा: अधिकाऱ्यांचे क्रमांक ‘ओ’ने सुरू होतात आणि ते या यादीत सहसा नसतात. बी-१७च्या दहा जणांत पायलट, सहपायलट, नॅव्हिगेटर आणि बाँबार्डियर हे चौघे साधारणपणे अधिकारी, बाकीचे सहा सार्जंट. म्हणजे तोफचीचं जॅकेट शोधणं पायलटच्या जॅकेटापेक्षा कित्येकदा सोपं जातं, आणि त्याची किंमतही कमी असते. सुरुवात करणाऱ्याने तोफचीचं जॅकेट घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

पुढची पायरी बहुतेकांना चकवते. त्या माणसाची सेवापुस्तिका मागवावी म्हणून लोक सेंट लुईसच्या राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्राला अर्ज करतात आणि ‘नोंद उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं की निराश होतात. कारण १२ जुलै १९७३ची आग. त्या आगीत १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात सैन्यातून सुटलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांच्या फाइली गेल्या. त्यांची ना दुसरी प्रत होती ना मायक्रोफिल्म. महायुद्धात हवाई दल हे भूदलाचाच भाग असल्यामुळे १९४५ साली घरी परतलेले वैमानिकही त्यातच आले. पण फाइल जळली म्हणजे माणूस पुसला गेला, असं नाही. शेवटच्या पगाराची व्हाउचरं आणि युनिटची रोजची हजेरीपत्रकं, म्हणजे ‘मॉर्निंग रिपोर्ट’, वेगळीकडे ठेवलेली होती. त्यांवरून बदली, बढती, दवाखाना, बेपत्ता होणं हे दिवसवार जुळवता येतं. अर्जात हे कागद नाव घेऊन मागा.

विमान पडलं असेल, तर शोध वेगळ्या वाटेने जातो. १९४३पासून अमेरिकी हवाई दल प्रत्येक बेपत्ता विमानाचा अहवाल लिहीत असे. त्याला एमएसीआर म्हणतात. त्यात विमानाचा आणि इंजिनांचा क्रमांक, मशीनगनांचे क्रमांक, सगळ्या माणसांची नावं, हुद्दे, लष्करी क्रमांक, घरच्यांचा पत्ता, आणि शेजारच्या विमानांतून ज्यांनी ते पडताना पाहिलं त्यांचे जबाब असतात. किती पॅराशूट उघडलेली दिसली, तेही लिहिलेलं असतं. हे अहवाल शांतपणे, वेळ काढून वाचा. ज्या जॅकेटाचा माणूस परत आला नाही, ते जॅकेट त्या दिवशी बहुधा तळावरच राहिलं होतं. तो गेला म्हणूनच ते आज तुमच्यासमोर आहे.

युनिटचा इतिहास अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या हवाई दल इतिहास संशोधन संस्थेत आहे. इंग्लंडहून उडणाऱ्या आठव्या हवाई दलासाठी डक्सफर्डच्या अमेरिकन एअर म्युझियमच्या संकेतस्थळासारखं साधन नाही: माणूस, विमान आणि तळ तिथे एकमेकांना जोडलेले आहेत आणि रॉजर फ्रीमन यांनी जमवलेले हजारो फोटो आहेत. शंभराव्या बाँब ग्रुपसारख्या काही ग्रुपांच्या संस्थांनी तर विमानागणिक, माणसागणिक याद्या लावल्या आहेत. त्यानंतर १९४० आणि १९५०ची जनगणना, गावातली वर्तमानपत्रं, शाळांची वार्षिकं, मृत्युलेख. मृत्युलेखात मुलांची नावं असतात, त्यांची गरज पुढे पडते.

पाठीवरच्या चित्राकडे येऊ. एक पिवळा किंवा पांढरा बाँब म्हणजे एक मोहीम. आठव्या हवाई दलात जड बाँबरच्या माणसाला सुरुवातीला २५ मोहिमांनंतर घरी जाता येई. १९४४च्या वसंतात त्या ३० झाल्या, पुढे ३५. म्हणून १९४३ साली घरी गेलेल्याच्या पाठीवर ३५ बाँब असतील, तर खुलासा मागा. लढाऊ विमानांच्या ग्रुपांत झाडू, छत्री, टोपी अशी चिन्हंही सापडतात. झाडू म्हणजे शत्रूच्या विमानांच्या शोधातली फेरी, टोपी म्हणजे बाँबरांना सोबत. चित्र विमानाच्या नाकावरच्या चित्राशी ताडून पाहा. ९१व्या ग्रुपमध्ये टोनी स्टार्सर नावाचा जवान विमानं रंगवायचा. ‘मेम्फिस बेल’ या बी-१७वरची मुलगी त्याच्याच हातची, जॉर्ज पेटीच्या मासिकातल्या चित्रावरून काढलेली. अशा हाताची अक्षरांची वळणं, सावली टाकायची तऱ्हा फोटोंत ओळखू येते आणि जॅकेटाशी मेळ घालता येतो.

ही चित्रं जिवावरही बेतत. नोव्हेंबर १९४३मध्ये ३५१व्या ग्रुपचा बाँबार्डियर केनेथ विल्यम्स जर्मनांच्या हाती पडला, तेव्हा त्याच्या पाठीवर ‘मर्डर इंक.’ हे त्याच्या विमानाचं नाव रंगवलेलं होतं. अमेरिका गुन्हेगारांना विमानात बसवते, याचा पुरावा म्हणून जर्मन वर्तमानपत्रांनी त्याचा फोटो छापला.

चित्र असलेलं जॅकेट साध्या जॅकेटाच्या कित्येक पट भावाने जातं, म्हणून अस्सल जॅकेटावर नवं चित्र काढायचा धंदा जोरात चालतो. जुना रंग चामडं जिथे दुमडतं तिथेच तडकतो आणि तडा आरपार चामड्यापर्यंत जातो. नव्या रंगाला मुद्दाम पाडलेल्या भेगा घडीशी फटकून, जाळीसारख्या सगळीकडे असतात. किंवा रंग आधीच पडलेल्या सुरकुतीच्या आत उतरलेला दिसतो, म्हणजे सुरकुती जुनी आणि रंग नवा. चित्रकारांचे ॲक्रिलिक रंग बाजारात आले ते १९५०च्या दशकात, त्यामुळे ॲक्रिलिक आढळला की एकतर चित्र खोटं किंवा नंतर गिरवलेलं. अतिनील टॉर्चखाली आजचे धागे निळसर चमकतात, जुना सुती दोरा सहसा चमकत नाही. पण साबणाच्या पावडरीचा अंशही चमकतो, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नका. कापूस थिनरमध्ये बुडवून रंग पुसून बघायचा सल्ला कुणी दिला, तर त्याच्याकडून काही घेऊच नका.

भारताशी खरा संबंध येतो तो चीन-बर्मा-इंडिया आघाडीच्या जॅकेटांचा. अमेरिकी सैनिक बोटीने मुंबईला आणि कराचीला उतरत आणि रेल्वेने देश ओलांडून बंगाल-आसामकडे जात. छाबुआ, जोरहाट, तेजपूरहून हिमालयाच्या पूर्व टोकावरून कुनमिंगला माल नेणाऱ्यांनी त्या वाटेला ‘हंप’ नाव दिलं. खरगपूरच्या आसपास बी-२९ विमानांचे तळ होते; त्यांचं मुख्यालय हिजलीच्या ज्या इमारतीत होतं, तिथेच १९५१ साली आयआयटी सुरू झाली. या विमानांवर हंप ओलांडल्याची खूण म्हणून उंट रंगवत. असा उंट जॅकेटावर दिसला तर तो शोध खरगपूरकडे वळवा. या आघाडीचा खांद्यावरचा बिल्ला, म्हणजे चीनचा सूर्य, भारताचा तारा आणि खाली लाल-पांढरे पट्टे, इथल्या कारागिरांनी चामड्याचे तुकडे जोडून आणि जरीच्या धाग्यानेही केलेला आहे. ते काम आपल्या नजरेला ओळखीचं आहे. जरकामाची माहिती असलेला मराठी संग्राहक इथे अमेरिकी संग्राहकापेक्षा जास्त बघू शकतो, आणि ही बाजू अजून कुणी नीट अभ्यासलेली दिसत नाही. पाठीवर किंवा अस्तरात चिनी झेंडा आणि चिनी मजकूर असलेलं कापड शिवलेलं असतं: हा परदेशी माणूस मदतीला आला आहे, त्याला वाचवा, असा त्याचा आशय. सगळ्यात जास्त नकला याच कापडाच्या होतात. त्याच्या टिपा, शिक्का आणि क्रमांक जॅकेटापेक्षाही कसून तपासा.

ब्रिटिश वैमानिकाचं मेंढीच्या कातड्याचं अर्व्हिन जॅकेट हाती आलं, तर वाट सरळ आहे: स्क्वॉड्रनच्या रोजच्या नोंदी लंडनला क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एआयआर २७ या मालिकेत आहेत, आणि माणूस युद्धात गेला असेल तर राष्ट्रकुल युद्ध दफनभूमी आयोगाची यादी. पुण्यात खडकीची दफनभूमी याच आयोगाच्या देखरेखीखाली आहे.

घरी आणल्यावर काय? तेल, पॉलिश, सॅडल सोप काहीही लावू नका, विशेषतः रंगवलेल्या पाठीला. तारेच्या हँगरवर खांद्याचं चामडं ताणून फाटतं. जाड गादीचा हँगर लावा किंवा आम्लरहित कागद भरून आडवं ठेवा. वर प्लास्टिक नको, धुतलेलं जुनं सुती कापड घाला. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने हाच खरा शत्रू आहे. बंद कपाटात बुरशी आठवड्याभरात धरते. दमटपणा मोजायचं साधं यंत्र कपाटात ठेवा, पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा, सिलिका जेल वेळेवर बदला. बुरशी आलीच तर मास्क लावून, उघड्यावर, सावलीत, मऊ कोरड्या ब्रशने झटका. ऊन दाखवू नका. मनगटाची लोकर कसरीला आवडते, म्हणून दर महिन्याला वीण उलटून बघा. रंग सुटू लागला असेल तर हात लावू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे सल्ला विचारा. आणि नाव असलेलं जॅकेट घालून फिरू नका. घालायची हौस असेल तर आज उत्तम प्रतिकृती मिळतात.

मालक सापडला, की एक वही करा. त्यात विकत घेतल्याची पावती, विकणाऱ्याने सांगितलेला इतिहास त्याच्याच शब्दांत, आतल्या खुणांचे फोटो, मिळालेले कागद आणि प्रत्येक निष्कर्षाला आधार कोणता, ते लिहा. खात्रीचं आणि अंदाजाचं वेगवेगळ्या शाईत ठेवा. जॅकेटासोबत उड्डाणवही, पत्रं, फोटो आले असतील तर ते कधीही सुटे विकू नका. एकदा फुटलेला संच पुन्हा एकत्र येत नाही.

वैमानिकाच्या घरच्यांना लिहायचं तर फोन करू नका, पत्र लिहा. मृत्युलेखातून मिळालेला पत्ता कुणाला सांगू नका, कुठे छापू नका. पहिल्या पत्रात किंमत, बाजार, संग्रह हे शब्द नकोत. तुमच्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाचं जॅकेट माझ्याकडे आहे, त्याच्या खुणा अशा आहेत, मला ते त्यांचंच वाटतं ते या कारणांनी. एवढं लिहा आणि दोन स्वच्छ फोटो जोडा. काही घरांना हा विषयच नको असतो, तेव्हा उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहू नका. उत्तर आलं तर ते जॅकेट घातलेला एखादा फोटो आहे का, एवढंच विचारा. जुन्या फोटोतली कॉलर, खिशाची झाकणं आणि पट्टीची जागा तुमच्यासमोरच्या जॅकेटाशी जुळली, तर त्याहून पक्का पुरावा दुसरा नाही. घरच्यांनी जॅकेट परत मागितलं, तर ज्या किमतीला घेतलं त्याच किमतीला द्या आणि सोबत ती वहीही द्या.